मुदतीबाहेरचा आजार



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी हयात कामगारांचे नुकसानभरपाईचे दावे चालवण्यात घालवली. त्यामुळे विषय निवडताना मला फारसा विचार करावा लागला नाही. आज मी अमेरिकेतल्या काही कामगार मुलींविषयी बोलणार आहे. घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग देण्याचे काम त्या करत. 'रेडियम गर्ल्स' या नावाने जग त्यांना ओळखते. त्यांची हकिगत बहुतेक वेळा अज्ञानाची शोकांतिका म्हणून सांगितली जाते. तेव्हा रेडियमचे दुष्परिणाम कुणाला ठाऊकच नव्हते, बिचाऱ्या मुली हकनाक गेल्या, असा तिचा सूर असतो. तो खरा नाही. ठाऊक होते. ज्यांना ठाऊक होते त्यांनी सांगितले नाही. आणि मुलींना आपल्या हाडांतून ते कळले, तेव्हा कायद्याने उत्तर दिले की तुमची मुदत संपली आहे. मला बोलायचे आहे ते या मुदतीबद्दल.

आधी काम कसे होते ते पाहू.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. खंदकातल्या शिपायाला अंधारात वेळ दिसायला हवी, विमानातली मापके रात्री वाचता यायला हवीत, म्हणून चमकणाऱ्या तबकड्यांना एकाएकी प्रचंड मागणी आली. न्यू जर्सी राज्यातल्या ऑरेंज गावी एक कारखाना उभा राहिला. तो चालवणारी कंपनी पुढे युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशन झाली. साबिन फॉन सोचॉकी या ऑस्ट्रियातून आलेल्या डॉक्टरने बनवलेला चमकता रंग हे तिचे भांडवल. 'अनडार्क' हे त्याचे बाजारातले नाव. रंगाची कृती साधी होती. झिंक सल्फाइडच्या भुकटीत रेडियमचा अगदी सूक्ष्म अंश घालायचा. रेडियमच्या किरणांचा मारा होत राहिला की झिंक सल्फाइड हिरवट उजळते. पाणी आणि डिंक घालून त्या भुकटीचा रंग कालवायचा, की झाले काम.

मुली लांब बाकांवर ओळीने बसत. काही जेमतेम चौदा-पंधरा वर्षांच्या, बहुतेक विशीच्या आतबाहेरच्या. समोर तबकड्यांचा ट्रे, हाताशी भुकटीची छोटी वाटी, रंग प्रत्येकीने आपला आपण कालवायचा. ब्रश मोजक्या केसांचा. एक, दोन, तीन हे आकडे कागदी तबकडीवर छापलेले असत. त्यांच्या बारीक रेघांवरून रंग बाहेर न जाऊ देता ब्रश फिरवायचा. तीन-चार फटकारे मारले की केस फाकत आणि टोक बोथट होई. मग काय करायचे, हे प्रत्येक नव्या मुलीला पहिल्याच दिवशी शिकवले जाई. ब्रश ओठांत धरायचा, जरा फिरवायचा, टोक सुईसारखे करायचे, रंगात बुडवायचा, पुन्हा आकडा. हुशार हाताची मुलगी दिवसाला अडीचशे तबकड्या करी. एका तबकडीला ब्रश किती वेळा ओठांत जाई, त्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. ब्रश धुवायला सुरुवातीला पाणी ठेवलेले असे, पण धुतल्याने महागडा माल पाण्यात जातो म्हणून ते काढून घेतले गेले. मुलींच्या पोटात जाणारा माल मात्र कुणाला वाया गेल्यासारखा वाटला नाही.

मजुरी नगावर होती आणि चांगली होती. इतर कारखान्यांत राबणाऱ्या मुलींच्या मानाने ती भरपूर होती. म्हणून एक लागली की ती बहिणीला आणी, बहीण मैत्रिणीला आणी. भुकटी केसांवर, कपड्यांवर बसे आणि संध्याकाळी घरी जाताना अंगभर मंद उजेड असे. शनिवारी नाचाला जायचे तर काही जणी चांगला झगा घालूनच कामाला येत, तो रात्री चमकावा म्हणून. कुणी गंमत म्हणून नखे रंगवली, कुणी दात. ग्रेस फ्रायर नावाच्या मुलीने पुढे सांगितले की घरी जाऊन नाक शिंकरले की अंधारात तिचा रुमाल चमकायचा. तिला त्यात वावगे काही वाटले नाही. का वाटावे? त्या काळात रेडियम म्हणजे संजीवनी होती. रेडियमचे पाणी औषध म्हणून बाटलीतून विकले जाई. १९२१ साली अमेरिकेतल्या बायकांनी वर्गणी गोळा केली आणि मादाम क्युरींना एक ग्रॅम रेडियम भेट दिले. त्याची किंमत एक लाख डॉलर होती. मुलींना विचारले असते तर त्या म्हणाल्या असत्या, अशी मौल्यवान वस्तू आम्ही रोज हाताळतो.

पण त्याच इमारतीत प्रयोगशाळा होती, आणि तिथे काम करणारे पुरुष शिशाच्या पडद्याआड उभे राहत, रेडियम चिमट्याने उचलत. खुद्द फॉन सोचॉकीच्या बोटात रेडियम शिरले होते आणि त्याने ते बोट टोकाशी कापून टाकले होते. रेडियमने कातडी भाजते, हे क्युरी दांपत्याच्या काळापासून प्रसिद्ध होते. ग्रेसने पुढे कोर्टात सांगितलेला एक प्रसंग असा. फॉन सोचॉकी एकदा तिच्या बाकाजवळून चालला होता. थांबला आणि म्हणाला, तसे करू नकोस, त्याने तू आजारी पडशील. ग्रेसने लगेच पर्यवेक्षिकेला विचारले. पर्यवेक्षिकेने सांगितले की काही होत नाही, काम कर. एवढेच बोलणे झाले. ज्याने रंग बनवला त्याला माहीत होते, आणि एका मुलीला सांगून तो पुढे निघून गेला.

याच कारखान्यातल्या मॉली मॅजिया हिचा दात दुखू लागला. दंतवैद्याने दात काढला. शेजारचा दुखू लागला, तोही काढला. जखमा भरेनात. शेवटी दंतवैद्य तपासत असताना जबड्याचे हाड त्याच्या बोटांनी सुटून हातात आले. शस्त्रक्रिया करावीच लागली नाही. १२ सप्टेंबर १९२२ रोजी गळ्यातली रक्तवाहिनी फुटून ती गेली. वय चोवीस. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले होते: सिफिलिस.

इथे मी जरा थांबतो. हा शब्द त्या दाखल्यावर आला, आणि पुढे कंपनीने तो वापरला. इतर मुलीही आजारी पडू लागल्या तेव्हा मॉलीच्या चारित्र्याकडे बोट दाखवणे सोयीचे होते. आपल्याकडच्या बायकांना हे उलगडून सांगायची गरज नाही. कामाला घराबाहेर पडणारी मुलगी आजारी पडली की आधी संशय तिच्यावर येतो, हवेवर, भुकटीवर, रंगावर नाही. मॉलीच्या बहिणी क्विंटा आणि अल्बिना त्याच कारखान्यात होत्या. त्यांनी हा डाग पाच वर्षे सोसला. १९२७ च्या ऑक्टोबरात मॉलीचे शव उकरून तपासले तेव्हा हाडांत सगळीकडे रेडियमचे किरण सापडले आणि सिफिलिसची खूणही नव्हती. एका गरीब इटालियन कुटुंबाला आपल्या मेलेल्या मुलीचे नाव स्वच्छ करायला कबर खोदावी लागली.

रेडियम हाडांतच का जाते, हे दोन वाक्यांत सांगतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते कॅल्शियमचे भावंड आहे. पोटात गेलेल्यातले बरेचसे बाहेर पडते, पण जे रक्तात उतरते त्याला शरीर कॅल्शियम समजून हाडांत नेऊन बसवते. तिथून ते अल्फा किरण सोडत राहते. हाड पोखरते, मज्जा मरते, रक्त तयार होईनासे होते, आणि ज्या या सगळ्यातून वाचतात त्यांना वर्षांनंतर हाडांचा कर्करोग गाठतो. रेडियमचा अर्धायुकाल सोळाशे वर्षांचा. त्या मुलींच्या कबरींतले रेडियम अजून जवळपास तेवढेच आहे.

आता माहिती दडवण्याचा भाग. १९२४ साली न्यूयॉर्कचे दंतवैद्य थिओडोर ब्लम यांनी आपल्या लेखाच्या तळटिपेत 'रेडियम जबडा' या आजाराची नोंद केली. कन्झ्युमर्स लीग या महिलांच्या संघटनेच्या कॅथरिन वायली मुलींच्या घरोघर हिंडून माहिती जमवत होत्या. मुली कामावर यायला घाबरू लागल्या तेव्हा कंपनीचे अध्यक्ष आर्थर रोडर यांनी हार्वर्डमधले सेसिल ड्रिंकर आणि त्यांच्या पत्नी कॅथरिन ड्रिंकर यांना तपासणीला बोलावले. दोघेही शास्त्रज्ञ. त्यांनी मुलींना अंधाऱ्या खोलीत उभे केले. केस, चेहरा, हात चमकत होतेच, कपड्यांच्या आतली कातडीसुद्धा चमकत होती. कारखान्यातल्या कुणाचेही रक्त पूर्ण निर्दोष नव्हते. जून १९२४ मध्ये अहवाल कंपनीच्या हाती पडला. निष्कर्ष स्पष्ट होता: दोष रेडियमचा आहे, ताबडतोब खबरदारी घ्या.

कंपनीने अहवाल छापू दिला नाही. राज्याच्या कामगार खात्याला मात्र ड्रिंकर यांच्या नावाने वेगळाच मजकूर कळवला: प्रत्येक मुलगी ठणठणीत आहे. हे खोटे बाहेर आणले ते हार्वर्डच्याच डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी. अमेरिकेतल्या औद्योगिक वैद्यकाच्या त्या आद्य अभ्यासक. शिसे, पारा यांचे कारखाने त्यांनी पायी पालथे घातले होते. १९२५ च्या वसंतात त्यांनी कॅथरिन ड्रिंकर यांना कळवले की तुमच्या नावाने असा असा अहवाल सरकारात फिरतो आहे. ड्रिंकर दांपत्याने खटल्याची धमकी न जुमानता त्याच वर्षी खरा अहवाल छापला. ज्या संघर्षात पुरुष डॉक्टरांची नावे मोठी होतात, त्यात वायली, हॅमिल्टन आणि कॅथरिन ड्रिंकर या तिघींचा वाटा किती होता, हे या व्यासपीठावरून नोंदवणे मला अगत्याचे वाटते.

त्याच वर्षी एसेक्स काउंटीचे वैद्यकीय तपासनीस हॅरिसन मार्टलंड यांनी जिवंत मुलींच्या श्वासातला वायू मोजून रेडियम शरीराच्या आत बसले आहे हे सिद्ध केले. त्यांना मदत करायला आला फॉन सोचॉकी. कंपनीने त्याला तोवर बाहेर काढले होते. त्याने स्वतःचा श्वास मोजून पाहिला, तर तोही भरलेला निघाला. १९२८ च्या नोव्हेंबरात तो रक्तक्षयाने गेला.

म्हणजे १९२५ संपता संपता सारे काही छापून आले होते. कारण सापडले होते, पुरावा होता, कंपनीचा खोटेपणा उघडा पडला होता. आणि तरीही ग्रेस फ्रायरला वकील मिळायला दोन वर्षे लागली.

ग्रेसने १९२० साली कारखाना सोडून बँकेत नोकरी धरली होती. दात पडायला लागले १९२२ मध्ये, मग जबडा, मग पाठ. मणक्याचे हाड खचल्याने पोलादी पट्टा बांधून ती बँकेत जाई. तिच्याबद्दल वाचताना मला सर्वांत जास्त जाणवते ती तिची चिकाटी. ज्याच्याकडे जाई तो वकील पहिला प्रश्न विचारी: काम कधी सोडले? उत्तर ऐकले की फाइल मिटे. न्यू जर्सीच्या कायद्यात इजा झाल्यापासून दोन वर्षांत दावा लावायला हवा होता. इजा झाली ब्रश ओठांत घातला तेव्हा, म्हणजे जास्तीत जास्त १९२० मध्ये. दावा लावायचा शेवटचा दिवस १९२२ मध्ये उलटला. त्या वर्षी ग्रेसला फक्त दात दुखतो एवढे माहीत होते. औद्योगिक आजारांची राज्याची यादी होती, पण तीत रेडियम नव्हते. १९२६ मध्ये ते आले, तेही फक्त जबड्याच्या नासण्यापुरते.

यंत्रात हात सापडला तर तारीख, वेळ, साक्षीदार सगळे असते. नुकसानभरपाईचे कायदे त्या अपघाताकडे पाहून लिहिले गेले. विषाला तारीख नसते. ते आज शिरते, पाच वर्षे गप्प बसते आणि मग उठते. तोवर नोकरी सुटलेली, लग्न होऊन आडनाव बदललेले, गाव बदललेले, कारखान्याचा पत्ताही बदललेला. कायद्याचे घड्याळ मालकाच्या दारात चालू होते आणि आजाराचे घड्याळ शरीरात, आणि या दोन घड्याळांतला फरक मालकाच्या पथ्यावर पडतो. ज्या आजाराला दिसायला मुदतीपेक्षा जास्त काळ लागतो, त्याचा खर्च मालकाला कधी येतच नाही. असे विष वापरणे मग त्याला परवडते.

१९२७ साली रेमंड बेरी नावाचा तरुण वकील भेटला. १८ मे रोजी त्याने ग्रेसचा दावा दाखल केला. मागोमाग एडना हसमन, कॅथरिन शॉब, क्विंटा मॅकडोनाल्ड आणि अल्बिना लॅरिस आल्या. या शेवटच्या दोघी मॉलीच्या बहिणी. प्रत्येकीची मागणी अडीच लाख डॉलरची. वर्तमानपत्रे त्यांना मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या पाच जणी म्हणत. बेरीने मुदतीच्या भिंतीला दोन ठिकाणी सुरुंग लावला. एक: मुलींना कळले कधी, यावरून मुदत मोजा, कारण कंपनीने खरा अहवाल दाबून त्यांना कळू दिले नाही. दुसरा मुद्दा फार खोल होता. रेडियम आजही त्यांच्या हाडांत किरण सोडते आहे, म्हणजे इजा १९१७ मध्ये होऊन संपलेली नाही, ती प्रत्येक क्षणी नव्याने होते आहे. मग मुदत सुरू झाली असे म्हणायचे तरी कधी? मला हा युक्तिवाद वकिली चातुर्याचा वाटत नाही. बेरीने पदार्थविज्ञान जसेच्या तसे कोर्टापुढे ठेवले. त्या मुलींच्या शरीरात जे चालले होते त्याचे हे अचूक वर्णन होते.

जानेवारी १९२८ मध्ये सुनावणी सुरू झाली तेव्हा दोघी अंथरुणाला खिळल्या होत्या आणि शपथेसाठी हात वर करणे कुणालाच जमले नाही. एप्रिलमध्ये न्यायालयाने कामकाज सप्टेंबरपर्यंत तहकूब केले. कारण काय, तर कंपनीचे साक्षीदार उन्हाळ्यात युरोपच्या सहलीवर जाणार होते. ज्यांना डॉक्टरांनी वर्षभराचे आयुष्य दिले होते, त्यांनी पाच महिने थांबायचे. वॉल्टर लिपमन या ख्यातनाम संपादकाने 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये यावर कडाडून लिहिले, देशभर ओरड झाली, आणि जून १९२८ मध्ये तडजोड झाली: प्रत्येकीला दहा हजार डॉलर रोख, हयातभर वर्षाला सहाशे डॉलर, औषधोपचाराचा आणि वकिलाचा खर्च. कंपनीने दोष मान्य केला नाही. निकाल लागलाच नाही, त्यामुळे मुदतीचा प्रश्न कायद्यात होता तिथेच राहिला. तडजोड घेतली म्हणून त्या मुलींना नावे ठेवणारा मी नव्हे. मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसाने तत्त्वासाठी निकालाची वाट पाहावी, असे म्हणायचा अधिकार कुणाला आहे? ग्रेस १९३३ च्या ऑक्टोबरात गेली.

या सुमारास घडलेली आणखी एक गोष्ट सांगतो. एबन बायर्स नावाचा श्रीमंत उद्योगपती रेडियमचे पाणी टॉनिक म्हणून पीत असे. त्याचाही जबडा झडला आणि १९३२ मध्ये तो मेला. तेव्हा मात्र सरकारी यंत्रणा हलली, औषधी रेडियमच्या बाजारावर टाच आली. तोच जबडा, तेच हाड, तेच विष. मॉलीला जाऊन तोवर दहा वर्षे होत आली होती.

ऑरेंजच्या बातम्या देशभर गेल्या, तशा इलिनॉय राज्यातल्या ऑटावा गावीही गेल्या. तिथे रेडियम डायल कंपनीचा कारखाना १९२२ पासून चालू होता. तिथल्या मुली ते वाचून बिथरल्या, तर जून १९२८ मध्ये कंपनीने गावच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली: आमच्या मुलींच्या तपासण्या झाल्या आहेत, कुणालाही काही झालेले नाही. तपासण्या झाल्या होत्या हे खरे. निकाल मुलींना कधी दाखवले गेले नाहीत. पुढच्या वर्षी पेग लुनी नावाची चोवीस वर्षांची मुलगी गेली आणि घरच्यांना सांगितले गेले की घटसर्प झाला होता.

ऑरेंजमध्ये सारे सुरुवातीला अंधारात होते, असे कुणी म्हणू शकेल. ऑटावाबद्दल असे म्हणता येत नाही. म्हणून मला ऑटावा जास्त भयंकर वाटते.

कॅथरिन वुल्फ तिथे नऊ वर्षे काम करत होती. लग्नानंतर ती कॅथरिन डोनाह्यू झाली. १९३१ मध्ये तिला कामावरून काढले, कारण ती लंगडू लागली होती आणि तिच्या लंगडण्यावरून गावात बोलणे होऊ लागले होते. मंदीचे दिवस होते. कारखान्याविरुद्ध बोलणाऱ्या बायकांकडे गाव रागाने पाहत होते, कारण गावात उरलेली थोडी पगाराची कामे त्याच कारखान्याची. शेजारी, दुकानदार, चर्चमधली माणसे, कुणी त्यांच्या बाजूने उभे राहिले नाही. आणि इलिनॉयमध्ये मुदतीच्याही आधीचा अडसर होता. जुन्या कायद्यात विषाने होणारा आजार बसतच नव्हता. १९३६ मध्ये औद्योगिक आजारांचा नवा कायदा आला तेव्हा कुठे दार किलकिले झाले. शिकागोचे वकील लेनर्ड ग्रॉसमन यांनी फी न घेता काम हाती घेतले.

१० फेब्रुवारी १९३८. राज्याच्या आयोगापुढे दाव्याची सुनावणी. कॅथरिनचे वजन बत्तीस किलोच्या आसपास. तिला उचलून खुर्चीत बसवले. तिने एक छोटी पेटी उघडली. तीत तिच्या जबड्याचे तुटलेले तुकडे होते. हे माझे आहेत, असे तिने आयोगाला सांगितले. मग डॉक्टरची साक्ष झाली. आजार बरा होणारा आहे का, असा प्रश्न आला आणि तिच्या देखत उत्तर द्यावे की नाही म्हणून डॉक्टर घुटमळले. त्या घुटमळण्यातच तिला उत्तर कळले. ती किंचाळून कोसळली. दुसऱ्या दिवशी आयोग तिच्या घरी आला. बैठकीच्या खोलीत सोफ्यावर पांघरूण घेऊन ती पडलेली, भोवती वकील, वार्ताहर आणि तिच्या मैत्रिणी. ब्रश ओठांत कसा घालायचो, हे त्या मैत्रिणींनी तिथे करून दाखवले. त्यांतल्या एकीचा एक हात कर्करोगामुळे खांद्यापासून कापलेला होता.

एप्रिलमध्ये निकाल कॅथरिनच्या बाजूने लागला. साडेपाच हजार डॉलरहून थोडी अधिक भरपाई. कंपनीने अपील केले. २७ जुलै १९३८ रोजी कॅथरिन गेली. अपिलामागून अपिले हरत कंपनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि ऑक्टोबर १९३९ मध्ये तिथेही तिला दार उघडले गेले नाही. या वेळी तडजोड नव्हती, निकाल होता. आणि तो मिळवला होता गावाने वाळीत टाकलेल्या काही आजारी बायकांनी.

त्यांच्यामुळे काय झाले, हे थोडक्यात सांगतो, कारण ते बऱ्याच ठिकाणी लिहिलेले आहे. त्यांच्या शरीरांच्या मोजणीवरून १९४१ मध्ये अमेरिकेने माणसाच्या शरीरात किती रेडियम चालेल याची पहिली मर्यादा ठरवली: एक मायक्रोग्रॅमचा दहावा भाग. अणुबॉम्बच्या प्रकल्पात काम करणाऱ्यांच्या सुरक्षेचे नियम याच आकड्याच्या आधारे बसवले गेले. पुढे आर्गॉन प्रयोगशाळेत हयात असलेल्या रंगकामगार स्त्रिया वर्षानुवर्षे तपासणीला जात राहिल्या. जगभरच्या क्ष-किरण तंत्रज्ञाला, अणुभट्टीतल्या कामगाराला आज जे संरक्षण आहे, त्याचा पाया या बायकांच्या हाडांवर आहे, आणि इथे मी अलंकार वापरत नाही. २०११ मध्ये ऑटावा गावाने त्यांचा पुतळा उभारला. हातात ब्रश घेतलेली एक मुलगी.

मुदतीचा वाद मात्र तिथे थांबला नाही. तैवानमधल्या ताओयुआन येथे आरसीए कंपनीच्या दूरचित्रवाणीच्या कारखान्यात हजारो बायका काम करत. विषारी द्रावके जमिनीत, भूजलात मुरली. १९९२ मध्ये कारखाना बंद झाला, दावा लागला २००४ मध्ये, पहिला निकाल आला २०१५ मध्ये. तिथेही कंपनीचे एक हुकमी म्हणणे हेच होते की दाव्याची मुदत टळली आहे. न्यायालयाने ते ऐकले नाही.

आता आपल्या कायद्याकडे येऊ. १९४८ च्या कारखाना अधिनियमाची तिसरी अनुसूची काढून पाहा. ज्या आजारांची खबर व्यवस्थापकाने आणि डॉक्टरने सरकारला द्यायची, त्यांची ती यादी होती. शिसे, फॉस्फरस, पारा, मँगेनीज यांच्यासोबत तीत रेडियमचेही नाव होते. ऑरेंज आणि ऑटावाच्या बायकांची सावली मुंबई-पुण्याच्या कारखान्यांपर्यंत अशी पोचली. यादीत नाव असले की अर्धी लढाई सोपी होते.

उरलेली अर्धी १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या दहाव्या कलमात होती, आणि ज्यांच्या नावाने आपण आज जमलो त्यांना ते कलम तोंडपाठ होते. दावा दोन वर्षांत. व्यावसायिक आजाराबाबत त्या कलमात एक दयाळू तरतूद होती: काम सोडल्यानंतर लक्षणे दिसली तर लक्षणे दिसली तो दिवस अपघाताचा दिवस धरायचा. बेरी जे मागत होता ते हेच. पण तिथेही एक अट होती. लक्षणे काम सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत दिसायला हवी होती. ग्रेसने १९२० मध्ये काम सोडले, दात दुखायला लागले १९२२ मध्ये. ती आपल्या कायद्यात जेमतेम काठावर बसली असती. मॉली बसली असती. विशीत रेडियम गिळून पुढे अनेक वर्षांनी हाडाच्या कर्करोगाने गेलेल्या बायका बसल्या नसत्या. ॲस्बेस्टॉसचा कर्करोग वीस-तीस-चाळीस वर्षांनी येतो; तो या दोन वर्षांत कसा बसायचा? उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना होता, हे मान्य. पण ज्याचा आजारच उशिरा येतो त्याने माफी का मागावी? हे कायदे २०२५ मध्ये नव्या संहितांत बांधले गेले. त्या बांधणीत ही दोन वर्षे कुठे जाऊन बसली, यावर कामगार संघटनांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न ओळखला होता. २७ जानेवारी १९९५ रोजी ॲस्बेस्टॉस कामगारांच्या बाजूने निकाल देताना न्यायालयाने आदेश दिला की प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी सुरू झाल्यापासून किमान चाळीस वर्षे, किंवा नोकरी संपल्यानंतर पंधरा वर्षे, यांत जे नंतर येईल तोवर जपून ठेवा. आजाराच्या घड्याळाने चालणारा माझ्या माहितीतला हा आपल्याकडचा सर्वांत स्पष्ट आदेश.

पण ही नोंद जपायची कुणी? कारखान्याने. ऑटावाच्या मुलींचे तपासणीचे कागदही कारखान्याकडेच होते. आज औद्योगिक वसाहतींतल्या शेडमध्ये बॅटऱ्या जोडणाऱ्या, डाग देणाऱ्या, द्रावकाने सुटे भाग पुसणाऱ्या बायका ठेकेदारामार्फत येतात आणि काही महिन्यांत दुसऱ्या ठेकेदाराकडे जातात. हजेरीपटावर नाव असले तर असले. दहा वर्षांनी खोकला किंवा गाठ घेऊन डॉक्टरकडे गेल्यावर आपण कुठल्या शेडमध्ये कशाच्या वासात बसत होतो, हे त्यांनी सिद्ध करायचे कसे?

म्हणून माझी मागणी एवढीच आहे आणि ती मी इथे बसलेल्या संघटनांच्या कार्यकर्त्यांपुढे ठेवतो. पुढच्या करारात वेतनवाढीच्या कलमाशेजारी आणखी एक कलम घाला: कामावर कुठले रसायन हाताळले, किती काळ, आणि तपासणीत काय निघाले, याची मराठीत लिहिलेली, सहीशिक्क्याची प्रत प्रत्येक बाईच्या हातात दरवर्षी पडली पाहिजे, ठेकेदाराकडे असली तरीही. ती काम सोडून जाईल त्या दिवशी हिशेबाच्या पैशांबरोबर शेवटची प्रत तिला मिळाली पाहिजे. मसुदा मी सोबत आणला आहे, ज्यांना हवा असेल त्यांनी सभेनंतर घेऊन जावा.